वस्तऱ्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत : आंब्रवाझ पारे

आपल्या धंद्यास हलका लेखणाऱ्यांनी आंब्रवाझ पारे यांचे चरित्र अवश्य पाहावे. फ्रान्समध्ये लाव्हाल गावानजीक सुमारे १५१० साली जन्मलेल्या पारे यांची विद्या न्हाव्याच्या दुकानात सुरू झाली. दाढी करणे, शिरेतून रक्त काढणे व जखमा बांधणे हा तेथे एकच व्यवसाय होता. नवशिक्याने कातडी ताणून धरावी, वस्तरा तिरपा टेकवावा, भार देऊ नये. कारण चूक आपली असली तरी रक्त दुसऱ्याचे निघते.

ही जाणीव पारे यांनी रणांगणावरही सोडली नाही. १५३७ च्या सुमारास तुरीनच्या मोहिमेत बंदुकीच्या जखमांवर उकळते तेल ओतीत असत. तेल संपले, तेव्हा पारे यांनी अंड्याचा बलक, गुलाबतेल व टर्पेंटाइन यांचा लेप लाविला. चिंतेने रात्री त्यांस झोप लागली नाही. पहाटे पाहतात तो लेप लाविलेले शांत, तेल ओतलेले तापाने तळमळत! पुढे अवयव छेदल्यावर डाग देण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याची रीत त्यांनी अंगीकारिली. लॅटिन येत नसल्याने पंडितांनी त्यांस हिणविले. त्यांनी मातृभाषेतच ग्रंथ लिहिले आणि चार राजांचे ते शस्त्रवैद्य झाले. १५९० मध्ये ते निवर्तले.

प्रथमच वस्तरा हाती घेणाऱ्या आपल्या मुलांनी हे नाव स्मरणात ठेवावे.