गेला होता क्रिकेट कव्हर करायला, आणि बेसबॉलला स्कोअरकार्ड देऊन बसला

मॅच बघायला वेळ मिळाला नाही तर आपण काय करतो? मोबाईल काढतो, स्कोअरकार्ड उघडतो. कुणी किती काढले, कुणी विकेट घेतल्या, एका मिनिटात सगळी मॅच कळते.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांची हीच सवय दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिथे स्कोअरकार्डच्या या तक्त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. आणि तो घडवणारा माणूस मुळात होता क्रिकेटवाला.

त्याचं नाव हेन्री चॅडविक.

जन्म ५ ऑक्टोबर १८२४ चा, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. आकड्यांचं वेड घरातच होतं. त्याचा सावत्र भाऊ एडविन चॅडविक याने गरीब वस्त्यांमधल्या रोगराईची आणि मृत्यूंची आकडेवारी मांडून इंग्लंडच्या सरकारला सार्वजनिक आरोग्याचा कायदा करायला भाग पाडलं होतं.

हेन्री बारा वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत, ब्रुकलिनला आले. मोठा होऊन तो पत्रकार झाला आणि क्रिकेटच्या बातम्या देऊ लागला. १८५६ साली न्यू जर्सीतल्या होबोकेनमध्ये तो क्रिकेटची मॅच आटोपून निघाला, तर शेजारी बेसबॉल चालू होता. तो बघत थांबला आणि या खेळाच्या प्रेमातच पडला.

पण एक गोची होती. बेसबॉलचे तक्ते पेपरात यायचे, मात्र त्यात रन आणि आऊट यापलीकडे फारसं काही नसायचं. अवघड कॅच घेणाऱ्याची नोंद नाही आणि सोपा बॉल सोडणाऱ्याचीही नाही. कोण चांगला खेळतो, हे ऐकीव गप्पांवर ठरायचं.

१८५९ मध्ये चॅडविकने सविस्तर बॉक्स स्कोअर छापला. डावीकडे खेळाडूंची नावं आणि पुढे रकाने. रन किती, हिट किती, आऊट किती जणांना केलं, त्यात मदत किती वेळा केली आणि चुका किती. मैदानात न गेलेल्या माणसालाही आता खेळाडू पारखता येऊ लागला.

बॅटर स्ट्राईकआऊट झाला की आजही ‘के’ लिहितात, तेही त्याचंच. ‘एस’ अक्षर दुसऱ्या नोंदीसाठी आधीच वापरात होतं, म्हणून त्याने ‘स्ट्रक’ या शब्दाचं शेवटचं अक्षर उचललं.

अर्थात, त्याचंही एक गणित चुकलं. पिचरने वाईट बॉल टाकले आणि बॅटरला पहिला बेस फुकट मिळाला, तर त्याचं श्रेय बॅटरला द्यायचं नाही, असं त्याचं मत होतं. बॅटिंग ॲव्हरेजमध्ये हे अजूनही धरत नाहीत. त्यामुळे संयमाने बॉल सोडणारे खेळाडू कित्येक दशकं स्वस्तात जात राहिले. २००२ मध्ये ओकलंडच्या टीमने कमी पैशात अशाच खेळाडूंना हेरलं आणि मोठमोठ्या टीमना घाम फोडला.

पण चॅडविकला स्वतःला सगळ्यात मोठा धक्का बसला तो म्हातारपणी.

बेसबॉल इंग्लंडच्या राऊंडर्स या खेळातून आला, असं तो सांगायचा. लहानपणी तो स्वतः राऊंडर्स खेळला होता. पण आपला राष्ट्रीय खेळ इंग्रजांकडून आला, हे अमेरिकेला पचेना. मग १९०५ मध्ये एक कमिशन बसलं. एका वृद्धाच्या आठवणीवर विसंबून त्यांनी जाहीर केलं, की बेसबॉल १८३९ मध्ये ॲबनर डबलडे याने कूपर्सटाऊन गावात शोधला. त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉईंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता, हे कुणी धड तपासलंही नाही. वर हा निकाल छापून आला १९०८ च्या वार्षिक गाईडमध्ये, आणि त्या गाईडचा संपादक होता खुद्द चॅडविक.

त्याच वर्षी तो मॅच बघायला गेला. न्यूमोनिया झाला आणि २० एप्रिल १९०८ ला वयाच्या ८३ व्या वर्षी तो गेला.

पुढे इतिहासकारांनी डबलडेची गोष्ट खोटी ठरवली. राऊंडर्सचं उत्तरही पूर्ण बरोबर नव्हतं, पण बेसबॉलची मुळं इंग्लंडच्या जुन्या खेळांत आहेत, हे मात्र खरं निघालं.

१९३८ मध्ये चॅडविकला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मानाची जागा मिळाली. डबलडेला ती कधीच मिळाली नाही.

आणि हा हॉल ऑफ फेम आहे कुठे? तर त्याच कूपर्सटाऊनमध्ये.