मंगळाच्या दगडावर कोरलेले नाव

बिहारमधील गया जिल्ह्यातल्या शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास आकाशातून सुमारे पाच किलो वजनाचा एक दगड पडला. तो मंगळावरून आला आहे, हे कळायला जगाला शंभराहून अधिक वर्षे लागली. या दगडात आढळलेल्या एका काचेसारख्या पदार्थाला मात्र सातच वर्षांत नाव मिळाले, ‘मास्केलिनाइट’. ज्यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले गेले, ते नेव्हिल स्टोरी-मास्केलिन तेव्हा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये खनिज विभागाचे प्रमुख होते. आकाशातून पडलेले दगड मिळवणे, नोंदवणे आणि जपणे हे काम त्यांनी तेवीस वर्षे केले. त्यातले काही दगड कोणत्या ग्रहावरून येतात, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

मास्केलिन यांचा जन्म ३ सप्टेंबर १८२३ रोजी इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील बॅसेट डाऊन या घरी झाला. त्यांच्या आईचे वडील नेव्हिल मास्केलिन हे इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ. प्लासीच्या लढाईमुळे भारताच्या इतिहासात शिरलेल्या रॉबर्ट क्लाइव्हची पत्नी मार्गारेट ही या आजोबांची सख्खी बहीण होती. भारताशी या घराण्याचे नाते असे जुने होते. नातवाच्या वाट्याला मात्र भारताचा वेगळाच वारसा आला, तो आकाशातून पडलेल्या दगडांचा.

ऑक्सफर्डमधून १८४५ मध्ये गणिताची पदवी घेतल्यावर वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला. पण त्यात मन रमले नाही. छायाचित्रणाची कला नुकतीच जन्माला आली होती आणि रसायनांशी खेळत स्वतः छायाचित्रे तयार करणाऱ्या आरंभीच्या इंग्रजांत त्यांचा समावेश होता. रसायनशास्त्राच्या याच ओढीने ते कायदा सोडून ऑक्सफर्डला परतले. खनिजशास्त्रावर व्याख्याने देता देता १८५६ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमच्या खनिज विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

आकाशातून दगड पडतात ही गोष्ट विद्वानांनी मान्य करून तेव्हा जेमतेम पन्नास वर्षे झाली होती. अशनींचा सर्वांत नावाजलेला संग्रह व्हिएन्नात होता. लंडनचा संग्रह त्या तोडीचा करण्याचा मास्केलिन यांनी ध्यास घेतला. खरेदी, देवाणघेवाण आणि पत्रव्यवहार अशा तिन्ही मार्गांनी त्यांनी दगड मिळवले. त्या काळी हिंदुस्थानात पडलेल्या अशनींची माहिती कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीकडे येत असे आणि त्यांचे तुकडे लंडन व व्हिएन्नाला रवाना होत. परक्या सत्तेच्या काळातला हा व्यवहार होता. गावकऱ्यांच्या शेतात पडलेला दगड कोणाचा, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नव्हते.

केवळ दगड जमवून मास्केलिन थांबले नाहीत. अशनीचा प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप काढायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवीकृत प्रकाशात पाहायचा, ही पद्धत अवलंबणाऱ्या पहिल्या काही संशोधकांपैकी ते एक होते. उत्तर प्रदेशातील बस्ती येथे १८५२ मध्ये पडलेल्या अशनीत त्यांना कॅल्शियम आणि गंधक यांचे एक नवे खनिज सापडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून त्यांनी त्याला ‘ओल्डहॅमाइट’ असे नाव दिले. आणखी एका खनिजाचे नाव त्यांनी संस्कृतातील ‘अश्मन्’ या शब्दावरून ‘अ‍ॅस्मनाइट’ असे ठेवले. ते नवे खनिज नसल्याचे पुढे निष्पन्न झाले, हा भाग वेगळा. कोहिनूर हाच बाबराचा हिरा, असे मतही त्यांनी १८६० मध्ये मांडले होते.

शेरघाटीच्या दगडाचा अभ्यास मात्र व्हिएन्नात झाला. गुस्ताव चेरमाक यांना १८७२ मध्ये त्यात एक विचित्र पदार्थ दिसला. त्याचा आकार स्फटिकाचा होता, पण प्रकाशाच्या कसोटीला तो काचेसारखा वागत होता. लंडनच्या सहकाऱ्याचा गौरव म्हणून त्यांनी त्याला ‘मास्केलिनाइट’ हे नाव दिले. ही काच बनली कशी, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. प्रचंड आघाताच्या दाबाने फेल्डस्पार या खनिजाची अंतर्गत रचना मोडते, बाह्य आकार मात्र तसाच राहतो. मंगळावर मोठा अशनी आदळला, त्या धक्क्याने तेथील खडकाचे तुकडे अवकाशात फेकले गेले आणि त्यांतला एक कालांतराने शेरघाटीला पोहोचला. त्या आघाताची खूण म्हणजेच मास्केलिनाइट.

मंगळाचा पुरावा हाती आला तो १९८३ मध्ये. अंटार्क्टिकात मिळालेल्या, शेरघाटीच्याच जातीच्या एका अशनीतील काचेत अडकलेले वायू तपासले गेले. व्हायकिंग यानांनी १९७६ पासून मंगळावर केलेल्या वातावरणाच्या मोजमापांशी ते जुळले. या जातीला आज जगभर ‘शेरगोटाइट’ म्हणतात. मूळ दगडाचा मुख्य भाग कोलकात्यात आहे.

मास्केलिन यांनी १८८० मध्ये संग्रहालय सोडले. त्यानंतर बारा वर्षे ते खासदार होते. ऑक्सफर्डचे प्राध्यापकपद त्यांनी १८९५ पर्यंत सांभाळले आणि त्याच वर्षी त्यांचा स्फटिकशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. २० मे १९११ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी बॅसेट डाऊन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर ३९ दिवसांनी, २८ जून रोजी, इजिप्तमधील नखला येथे दगडांचा वर्षाव झाला. तेही मंगळाचेच होते.

मंगळाच्या दगडांना आज सोन्याहून अधिक मोल आहे. नायजरच्या वाळवंटात सापडलेला २४ किलोंहून अधिक वजनाचा असा एक दगड जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पन्नास लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला आणि तो देशाबाहेर गेलाच कसा, याची चौकशी नायजर सरकारने सुरू केली. मास्केलिन यांच्या काळात कोणी न विचारलेला प्रश्न आता विचारला जातो. खासगी तिजोरीत गेलेला दगड पुढच्या संशोधकाच्या हाती लागेलच, याची शाश्वती नसते. शेरघाटीचा दगड सार्वजनिक संग्रहांत राहिला, त्याच्या पतनाची तारीख आणि जागा कागदावर राहिली, म्हणूनच शंभर वर्षांनंतरही तो नव्या उपकरणांखाली ठेवता आला.

मास्केलिन यांचे नाव महाराष्ट्राच्या मातीतही आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीच्या आघाताने बनले, याच्या पुराव्यांत तेथील काळ्या पाषाणात मिळालेल्या मास्केलिनाइटचा समावेश होतो. लोणारचा खडक बेसाल्ट आहे आणि शेरघाटीचा दगडही तसाच ज्वालामुखीतून घडलेला. त्यामुळेच मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात आणि सरोवराकाठच्या दगडांत मास्केलिन यांच्या नावाची ती काच शोधतात.