प्रश्नाला उत्तर देणे हा गुन्हा कसा?

वस्तीत कायदेविषयक शिबिर घेतले की शेवटी एखादी आई आम्हाला बाजूला घेते आणि हळूच विचारते, वयात आलेल्या पोरीला हे सगळे सांगायचे कसे? तेव्हा आम्हाला प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात.

१४ जानेवारी १८८२ रोजी जन्मलेले रघुनाथराव हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी १९२५ मध्ये नोकरी गेली. पत्नी मालतीबाई मात्र खंबीरपणे पाठीशी राहिल्या.

जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचक लैंगिक शंका विचारीत आणि कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. सनातन्यांना ते अश्लील वाटले. १९३१ साली खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांना दिलेल्या उत्तरांवरूनच पुन्हा खटला भरला गेला. या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लोक विचारतात म्हणून उत्तर देणे, हा गुन्हा होऊच शकत नाही, ही बाबासाहेबांची भूमिका होती. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेब थांबले नाहीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांचा संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. तोही फेटाळला गेला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले, तोपर्यंत मासिक सुरूच होते.

आज काय चित्र आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभरपैकी सुमारे २२ स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती. या लेकींना निदान एवढे तरी कळले पाहिजे : निरोध गर्भ आणि संसर्ग दोन्ही टाळतो. गोळ्या, तांबी बंद केल्यावर पुन्हा मूल होऊ शकते. तातडीची गोळी ७२ तासांत, जितकी लवकर तितकी बरी. पण ती रोजची नव्हे. दिवस गेलेच, तर अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना तिचे नाव पोलिसांना कळविण्याची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. पोलिसांच्या भीतीने भोंदूकडे जाऊ नका.

पुढच्या शिबिरात कायद्याआधी एक तास दवाखान्यातील सिस्टरबाईंना द्यायचा, असे आम्ही ठरविले आहे. मुलींना पाठवा, मुलांनाही पाठवा.