सपाटीचा ध्यास घेतलेला यंत्रज्ञ

यंत्राच्या एखाद्या सुट्या भागाचे ड्रॉइंग पाहिले, तर लांबी-रुंदीच्या आकड्यांशेजारी एका चौकटीत तिरका चौकोन आणि त्यापुढे ०.०२ असा आकडा आढळतो. अर्थ असा, की हा पृष्ठभाग कोठेही उंचसखल असला तरी परस्परांपासून ०.०२ मिलिमीटर अंतरावरील दोन समांतर प्रतलांमध्ये तो मावलाच पाहिजे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ही खूण आज रोजच्या परिचयाची आहे. खूण विसाव्या शतकातील. मात्र सपाटपणा ही घडवता आणि तपासता येणारी गोष्ट आहे, हे इंग्लंडच्या कारखानदारांच्या गळी उतरवले ते सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी.

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक. चौदाव्या वर्षी मुलाला काकांच्या सूतगिरणीत धाडण्यात आले; पण हिशेबाच्या वह्यांपेक्षा यंत्रांतच त्याचे मन रमले. काही वर्षांनी त्याने गिरणीतून पळ काढला आणि मँचेस्टर गाठले. १८२५ मध्ये विवाह करून व्हिटवर्थ लंडनला गेले आणि हेन्री मॉडस्ले यांच्या ख्यातनाम कारखान्यात लागले.

येथेच त्यांना सपाटीने झपाटले. लोखंडाच्या दोन प्लेट एमरी लावून एकमेकींवर घासण्याचा तेव्हा प्रघात होता. त्यात एक खोड होती. एक प्लेट किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट झाली, तरी त्या एकमेकींवर बिनचूक बसत. वाटीत वाटी बसावी तशा! यावर उपाय तिसऱ्या प्लेटचा. तिन्ही प्लेट आळीपाळीने रंग लावून एकमेकींवर टेकवायच्या आणि जेथे रंग उमटेल तेवढाच उंचवटा स्क्रेपरने खरवडून काढायचा. तिन्ही जोड्या जुळल्या, की फुगीरपणाला लपायला जागा उरत नाही. ही युक्ती मूळची मॉडस्ले यांची की व्हिटवर्थ यांची, यावर मतभेद आहेत. मात्र १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे निबंध वाचून घासण्याऐवजी खरवडण्याचा आग्रह धरला तो व्हिटवर्थ यांनीच. तपासणी विभागात ज्या सरफेस प्लेटवर भाग ठेवून मोजला जातो, तिचे कुळ हेच. आधार सपाट नसेल, तर त्यावरून घेतलेले प्रत्येक माप खोटे.

१८३३ मध्ये ते मँचेस्टरला परतले आणि हत्यारे बनविण्याचा स्वतःचा व्यवसाय त्यांनी थाटला. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये ५५ अंश कोनाच्या आट्यांची पद्धत मांडली. रेल्वे कंपन्यांनी ती उचलली. क्रिमियन युद्धात ९० गनबोटींच्या इंजिनांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत तयार होऊनही सुमारे ९० दिवसांत ते जुळवता आले, ते या सारखेपणामुळेच.

कारागिरांची मोघम भाषा त्यांना खपत नसे. इंचाचा सोळावा भाग, पण जरा भरलेला किंवा जरा हलका, अशी मापे त्यांच्याकडील कामगार सांगत. आपल्याकडील मिस्त्रीही सुताच्या हिशेबात असेच बोलतात. त्याऐवजी दशांशात मापे द्या आणि गेज वापरा, हा त्यांचा धोशा असे. इंचाच्या दहा हजाराव्या भागाने लहान दट्ट्या कड्यात सैल होतो आणि अचूक दट्ट्या घट्ट बसतो, हे ते हातात देऊन दाखवीत. इंचाच्या दशलक्षाव्या भागाचा फरक दाखविणारे त्यांचे मापनयंत्र १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात गाजले.

एवढ्या अचूकतेची किंमत मात्र त्यांना बंदुकीच्या बाबतीत मोजावी लागली. १८५४ मध्ये सरकारने रायफलनिर्मितीच्या यंत्रांसाठी त्यांना पाचारण केले. आधी उत्तम रायफल कशी असते तेच शोधू, असे ठरवून त्यांनी घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची नेमबाजीची बंदिस्त वीथी उभारली. षट्कोनी नळीच्या त्यांच्या रायफलने १८५७ च्या चाचणीत लष्कराच्या एनफिल्डला सहज मागे टाकले. १८६० मध्ये विम्बल्डन येथे राणी व्हिक्टोरियाने याच रायफलने ४०० यार्डांवरून नेम साधला. तरीही लष्कराने ती नाकारली. नळी बारीक, दारूची काजळी साचण्याची धास्ती आणि किंमत अवाच्या सवा! लष्कराचा निर्णय निव्वळ आडमुठेपणाचा होता, असे म्हणवत नाही. अचूकता किती हवी याइतकेच किती तफावत चालेल हेही ठरवावे लागते. ड्रॉइंगवरील टॉलरन्स म्हणजे दुसरे काय? पुढे अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडील नेमबाजांनी हीच रायफल वापरली.

१८६८ मध्ये त्यांनी होतकरू यंत्रज्ञांसाठी दरसाल १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. पुढच्याच वर्षी त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी मॉन्टे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. अपत्य नव्हते, संपत्तीचा मोठा वाटा मँचेस्टरच्या संस्थांना गेला. ब्रिटिश यंत्रांबरोबर त्यांचे आटे भारतातही आले. मेट्रिक मापे रूढ झाल्यावर ते मागे पडले. पण जुने यंत्र उघडताना मेट्रिक पाना बोल्टवर नीट बसेनासा झाला, की फिटर व्हिटवर्थचा पाना शोधू लागतो.