पूर मोजून मग बांधणारा अभियंता

येत्या १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेला ठिकठिकाणी हार घातले जातील. म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागराचे शिल्पकार आणि भारतरत्न ही त्यांची ओळख सर्वश्रुत आहे. मात्र या अभियंत्याची जडणघडण महाराष्ट्रातील नद्यांच्या काठी झाली, याची आठवण क्वचितच काढली जाते. आज वसई-विरारपासून सांगली-कोल्हापूरपर्यंतच्या शहरांना छळणाऱ्या एका प्रश्नाला त्यांनी शतकापूर्वी हात घातला होता. ज्या नदीची रीतसर मोजणी कधी झालीच नाही, तिचा पूर कुठवर चढेल आणि तिच्या काठी वस्ती कोठे करावी, हा तो प्रश्न.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगळूरला शिकवण्या करीत त्यांनी शिक्षण घेतले आणि १८८१ मध्ये बी. ए. पदवी मिळवली. संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले.

आरंभीच्या वर्षांत नाशिक आणि खानदेश ही त्यांची कर्मभूमी होती. धुळे भागात पांझरेच्या खोऱ्यात नळाद्वारे प्रवाह पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. उन्हाळ्यात वाळवंटासारखे भासणारे पात्र पावसाळ्यात एका रात्रीत किती फुगते, याचा धडा या नोकरीच्या उमेदवारीतच त्यांना मिळाला. पुढे सक्कर आणि सुरत येथील पाणीपुरवठ्याची कामे पार पाडून ते पुण्यास आले. नीरा कालव्यावर त्यांनी सिंचनाची ब्लॉक पद्धत सुरू केली. त्यांचे नाव सर्वदूर गेले ते मात्र खडकवासल्याच्या दरवाजांमुळे.

तेथील अडचण मोठी मार्मिक होती. पुण्याची तहान आणि कालव्याखालचे क्षेत्र वाढत होते. तलावात अधिक पाणी साठवणे भाग होते. पावसाळ्यात सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचे पाणी वाहून जाई. ते अडवावे, तर मोठा पूर आल्यावर त्याला वाट उरणार नाही आणि धरणावर त्याच्या ताकदीबाहेरचा दाब येईल. धरणाची उंची वाढवणे खर्चाचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवण्याची योजना आखली. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले आणि साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली, तरी महत्तम पूरपातळीची मर्यादा पाळली गेली. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले, पण स्वामित्वधन स्वीकारले नाही.

मुंबई सरकारची नोकरी सोडण्याचा निर्णय घेऊन ते १९०८ मध्ये परदेश दौऱ्यावर गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीने हैदराबाद शहरात हाहाकार उडवला. हजारो माणसे दगावली, पूल वाहून गेले, नदीकाठचे मोहल्लेच्या मोहल्ले नाहीसे झाले. अफजलगंजमधील चिंचेच्या एका झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचल्याचे सांगितले जाते. ते झाड आजही दाखवले जाते. निजामाच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले आणि १९०९ च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादला पोहोचले.

शहर पुन्हा उभारण्याची घाई सर्वांनाच होती. पण ते उभारायचे कोणत्या पातळीवर, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. पर्जन्यमापनाची केंद्रे मोजकी होती, प्रवाहाच्या नोंदी तर त्याहून तुटपुंज्या. विश्वेश्वरय्यांनी आधी पाणी आले कोठून, याचा छडा लावला. शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस झाल्याची नोंद होती. शहराच्या वरच्या अंगाला सुमारे ८६० चौरस मैलांचे पाणलोट क्षेत्र होते आणि त्यात ७८८ लहानमोठी तळी होती. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलाला एक तळे. त्यांपैकी २२१ तळी फुटली होती. एका तळ्याचे पाणी खालच्या तळ्यावर, त्याचे त्याखालच्यावर, असा मारा होत पुराचा लोंढा शहरावर आदळला होता. या सगळ्याचा हिशेब मांडून पुराचा कमाल प्रवाह सेकंदाला ४,२५,००० घनफूट असल्याचा अंदाज त्यांनी काढला.

या आकड्यानंतर उपाय ठरला. शहरातून जाणारे पात्र कितीही रुंद केले, तरी एवढा पूर त्यात मावणे अशक्य होते. म्हणून शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर दोन जलाशय बांधून पूर तेथेच थोपवावा, उरलेल्या प्रवाहासाठी शहरातील काठ उंच करून बांधून काढावेत आणि काठालगत बागा कराव्यात, असा आराखडा त्यांनी सादर केला. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. विश्वेश्वरय्या मात्र १९०९ च्या अखेरीसच म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले. १९१२ ते १९१८ या काळात ते दिवाण होते. पुराने त्यांची पाठ वार्धक्यातही सोडली नाही. महात्मा गांधींच्या सूचनेवरून १९३७ मध्ये त्यांनी ओडिशातील पुरांची पाहणी केली.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचा बांधही टिकला नाही, तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते. १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

मोजणी नसलेल्या नद्यांसाठी पुढे सूत्रेही तयार झाली. सह्याद्रीतील नद्यांच्या पुरांवरून बेतलेले इंग्लिस यांचे १९३० चे सूत्र महाराष्ट्रातील अभियंते जाणतात. पाणलोट क्षेत्र ठाऊक असले की त्यातून संभाव्य पूर काढता येतो. राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये पूररेषांचे नियम घालून दिले. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. या शब्दांनी मात्र मोठा गैरसमज पसरला आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षे कर्ज फेडत राहणाऱ्या घरमालकाच्या वाट्याला तो त्या मुदतीत येण्याची शक्यता चारात एक इतकी भरते.

अर्नाळा-कळंब किनारपट्टीवरील राजोडीसारख्या गावात सूत्रही पुरे पडत नाही. वसई तालुक्याच्या उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी आणि पश्चिमेला समुद्र. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्याच्या पाण्याला वाट उरत नाही. तेथील पूरपातळी केवळ पाणलोटावरून निघत नाही. त्यात भरतीची उंचीही धरावी लागते. या पट्ट्यातील बावखले, म्हणजे वाडीतली जुनी गोड्या पाण्याची तळी, पावसाचे पाणी पोटात घेत असत. त्यांतील अनेक बुजवली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे थांबली, मिठागरांत माणसे अडकली. २००० आणि २०२० मध्ये हैदराबादनेही पुन्हा पूर अनुभवला. दोन्ही जलाशय जागेवर होते, पण तळ्यांवर आणि नदीकाठी वस्ती चढली होती.

विश्वेश्वरय्यांनी हैदराबादेत वापरलेली रीत आजही कोणत्याही गावाला जमण्याजोगी आहे. २६ जुलै २००५ ला आणि २०१८ ला पाणी कोणत्या विहिरीच्या कठड्यापर्यंत आणि कोणत्या घराच्या पायरीपर्यंत आले, हे गावातल्या जाणत्यांना ठाऊक असते. त्या खुणा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसह नकाशावर नोंदवाव्यात, उरलेल्या बावखलांची गणना करावी आणि नव्या इमारतीचे जोते किती उंच हवे, हे त्यानंतर ठरवावे. जुनी घरे पडतात, भिंतींना नवा रंग लागतो आणि खुणा पुसल्या जातात. तेव्हा हे काम लवकर होणे आवश्यक आहे.