मंडालेचा राजा, रत्नागिरीचा समुद्र

हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावरून जो नागपूर-नांदेड महामार्ग जातो, तो पुढे तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असा मजल दरमजल करत आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीला समुद्रापाशी संपतो. आपल्याकडची माणसे या रस्त्याने बहुधा तुळजापूरपर्यंत जातात. फार तर कोल्हापूरची अंबाबाई. त्यापुढे गेलीच, तर गणपतीपुळ्याचे दर्शन, दोन डबे आंबापोळी, मुलांचे पाण्यात डुंबणे आणि परत. यात वाईट काही नाही. पण हातात तीन दिवस असतील, तर त्यातला एक दिवस अशा माणसासाठी राखून ठेवावा, ज्याने या गावात तीस वर्षे समुद्राकडे तोंड करून काढली आणि ज्याला तो समुद्र ओलांडून परत जाता आले नाही.

त्याचे नाव थिबा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा.

१ जानेवारी १८५९ रोजी मंडाले येथे त्याचा जन्म झाला. वडील राजा मिंडॉन. मंडाले हे शहर त्यांनीच दोन वर्षांपूर्वी वसवायला घेतले होते. मिंडॉनला राण्या पुष्कळ आणि मुले त्याहून पुष्कळ. त्या गर्दीत थिबाला गादीची आशा असण्याचे काही कारण नव्हते. काही काळ तो मंडालेतल्या इंग्रज पाद्रीबाबांच्या शाळेत गेला, मग बौद्ध मठात राहून पाली ग्रंथ शिकला आणि त्याची अवघड परीक्षा १८७७ मध्ये उत्तीर्ण झाला. अभ्यासू, सौम्य, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला राजपुत्र अशी त्याची ख्याती. नेमके हेच दरबारातल्या मंडळींना हवे होते.

मिंडॉन १८७८ मध्ये अंथरुणाला खिळला, तेव्हा एका महत्त्वाकांक्षी राणीने आणि काही मंत्र्यांनी मिळून थिबाला पुढे केले. राणीचा हिशेब सरळ होता. जावई दुबळा असला की सत्ता आपली. तिची मुलगी सुपायालत हिच्याशी थिबाचे लग्न झाले. ही त्याची सावत्र बहीणच. तिकडच्या राजघराण्यात तशी रीत होती. मंत्र्यांचाही हिशेब काहीसा तसाच होता. दोघांचेही हिशेब चुकले, कारण सुपायालत आईलाही पुरून उरली.

फेब्रुवारी १८७९ मध्ये राजवाड्यात कैदेत ठेवलेल्या राजघराण्यातल्या माणसांची कत्तल झाली. पुरुष, बायका, मुले मिळून ८०च्या आसपास माणसे मारली गेली. हुकूम मुळात कोणाचा, सासूचा, राणीचा की मंत्र्यांचा, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण राजा थिबा होता आणि वय वीस वर्षांचे होते, एवढ्याने त्याची सुटका होत नाही. रत्नागिरीच्या वाड्यात गेल्यावर बिचारा राजा म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मुलांना त्याची गोष्ट सांगताना हे पान गाळू नये, असे मला वाटते. पुढचा अन्याय त्यामुळे कमी होत नाही.

तो अन्याय कसा झाला हे पाहण्यासारखे आहे, कारण त्यात मुंबईचे नाव आहे. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशात सागवान तोडण्याचे काम करी. कंपनी ओंडके कमी दाखवून राजाचा कर बुडवते, असा ठपका ठेवून १८८५ मध्ये थिबाच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्याच वर्षी त्याने फ्रान्सशी व्यापारी करारही केला होता. इंग्रजांना लाकडाच्या हिशेबापेक्षा या फ्रेंचांची धास्ती जास्त. दंडाचे निमित्त मिळाले, ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर जनरल प्रेंडरगास्टची फौज आगबोटींतून इरावती नदीने वर निघाली. दोन आठवड्यांत मंडाले पडले. ही कंपनी अजून आहे, आणि प्रवासात मुलांच्या हातात आपण जो ब्रिटानियाचा बिस्किटपुडा देतो, त्या कंपनीत तिचा मोठा वाटा आहे. इतिहास असा कुठे कुठे शिल्लक राहतो.

२९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा, गरोदर राणी, तिची बहीण असलेली धाकटी राणी आणि दोन लहान मुली यांना बैलगाड्यांत बसवून नदीवर नेण्यात आले. ज्या राजासमोर प्रजेने मान वर करायची नाही, तो बैलगाडीतून जाताना हजारोंनी पाहिला. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. त्या दिवशी थिबाला सत्तावीस वर्षे पूर्ण झाली होती. राजवाड्यातल्या जडजवाहिराचे काय झाले, हा वाद पुढे आयुष्यभर चालला. नगामौक नावाचे एक मोठे माणिक कर्नल स्लेडन या अधिकाऱ्याने पाहण्यासाठी म्हणून घेतले आणि परत दिले नाही, असे राजघराण्याचे म्हणणे होते.

आधी रंगून, मग मद्रास. तिथे तिसरी मुलगी झाली. एप्रिल १८८६ मध्ये सगळ्यांना बोटीने रत्नागिरीला आणले. हेच गाव का? तेव्हा इथे रेल्वे नव्हती. ती यायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. येणेजाणे मुख्यतः समुद्रावरून, आणि पावसाळ्याचे चार महिने तो रस्ताही बंद. कैदी ठेवायला याहून सोयीची जागा कोणती? आपल्या हिंगोलीलाही गोऱ्या साहेबाचे वळण ठाऊक आहे. निजामाच्या पैशावर पोसलेल्या हैदराबाद काँटिन्जंटची छावणी इथे होती. राजाला जागेवर ठेवून दात काढून घेण्याची ती तऱ्हा. थिबाच्या बाबतीत राजाच उचलून समुद्रापार नेला. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला असेच उचलून १८५८ मध्ये रंगूनला पाठवले होते. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात पुरला आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात आणला.

रत्नागिरीत सुरुवातीला दोन बंगले दिले. बाहेर पहारा, पत्रव्यवहारावर नजर, आवाराबाहेर जायचे तर परवानगी. चौथी मुलगी इथेच १८८७ मध्ये जन्मली. सरकार तनखा देई आणि तो पुरत नसे. राजाला खर्च कमी करणे जमेना, सरकारला तनखा वाढवणे पटेना. मग एकेक रत्न गावातल्या व्यापाऱ्यांकडे जाऊ लागले. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांची कर्जखाती पाहिलेल्या माझ्यासारख्याला हा प्रकार नवा नाही. घरात आवक ठरलेली, इभ्रत जुनी आणि डागिना विकताना भाव घेणारा ठरवणार. अशा खात्याचा शेवट काय होतो ते पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागते. व्हाइसरॉयना थिबा अर्जामागून अर्ज लिहीत राहिला. मोठे घर हवे, या मागणीला फळ यायला चोवीस वर्षे लागली. नोव्हेंबर १९१० मध्ये कुटुंब आज थिबा पॅलेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यात राहायला आले.

या मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेवर मंडालेला गेले आणि १९१४ पर्यंत तिथल्या तुरुंगात राहिले. हा तुरुंग थिबाच्या जुन्या राजनगरीच्या तटाच्या आतच होता. म्हणजे सहा वर्षे रत्नागिरीकर मंडालेत कैद आणि मंडालेकर रत्नागिरीत. एकाने तिथे गीतारहस्य लिहिले. दुसऱ्याला लिहायला अर्जांखेरीज काही उरले नव्हते. टिळकांचे जन्मस्थान आणि थिबा पॅलेस एकाच सकाळी पाहून होतात. मुलांना ही अदलाबदल सांगून मगच दोन्ही दाखवावीत.

वाडा मोठा देखणा आहे. लाल रंग, उतरती छपरे, वर अर्धगोल नक्षीदार खिडक्या आणि सागवानी काम. आत पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. जाण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्यावा. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे. वरच्या सज्जात मात्र थोडे थांबावे. तिथून खाडी आणि समुद्र दिसतो. जवळच थिबा पॉइंट आहे. तिथून भाट्याच्या खाडीचे मुख, नारळी, होड्या आणि पलीकडची सुरूची रांग असे सगळे एका नजरेत येते. संध्याकाळ इथे घालवावी.

दुसरा दिवस समुद्राच्या रानाला द्यावा. रान म्हटले की आपल्याला साग-पळस आठवतो. हे रान वेगळे. भाट्याच्या खाडीत ओहोटीला गेलात तर चिखलातून वर आलेली कांदळवनाची मुळे दिसतील. भरतीला तीच झाडे पाण्यात उभी. माशांची पिल्ले याच मुळांत वाढतात. दक्षिणेला पूर्णगडाजवळ गावखडीचा किनारा आहे. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री अंडी घालायला येतात आणि साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्ले समुद्राकडे धावतात. पिल्ले पाहायची तर फेब्रुवारी-मार्च बरा, आणि गावातल्या कासवमित्रांना विचारूनच जावे. विजेरी घेऊन वाळूत हुंदडू नये. कासवांच्या महोत्सवासाठी नावाजलेले वेळास याच जिल्ह्यात आहे, पण ते मंडणगड तालुक्यात पार उत्तरेला; दोन दिवसांच्या बेतात ते बसवू नका, सगळा वेळ गाडीतच जाईल. त्यापेक्षा उक्षीच्या सड्यावर जावे. तिथे उघड्या जांभ्या कातळावर कोणा अज्ञात माणसांनी कोरलेला भलाथोरला हत्ती आहे. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

एक सूचना मात्र काळजीने करावीशी वाटते. आपली मुले सिद्धेश्वर नाहीतर इसापूरच्या धरणाचे पाणी पाहिलेली. समुद्राचे पाणी तसे नाही. ते ओढते. आरे-वारे आणि गणपतीपुळे इथे दरवर्षी बाहेरगावची माणसे बुडतात. कॅलेंडरात तिथी बघून जावे. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा जोर कमी. आणि स्थानिक कोळ्याने नको म्हटले की नको.

वाड्यात आल्यानंतर दोनच वर्षांनी धाकटी राणी वारली. डिसेंबर १९१६ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी थिबाही गेला. देह मंडालेला न्यायचा, असा सुपायालतचा हट्ट. सरकार परवानगी देईना, राणी पुरू देईना. शवपेट्या वाड्याच्या आवारातच राहिल्या. शेवटी मार्च १९१९ मध्ये सरकारने थिबा आणि धाकटी राणी यांचे दफन रत्नागिरीतच करून टाकले. त्यानंतर लगेच राणीला आणि मुलींना ब्रह्मदेशात परतू दिले. मंडालेला नव्हे, रंगूनला. तिथे १९२५ मध्ये तिचा अंत झाला.

मुलींची कथा आईबापांहून करुण आहे. राजघराण्यातला वर इथे कुठून मिळणार? थोरलीचा जीव वाड्यावरचा नोकर गोपाळ सावंत याच्यावर जडला. तो आधीच विवाहित होता. त्यांना १९०६ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव टूटू. दुसरीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले आणि पुढे ती कालिंपाँगला राहिली. थोरली आईबरोबर रंगूनला गेली खरी, पण तिथे रमली नाही. लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये इथेच हलाखीत वारली. टूटूने रत्नागिरीतच संसार केला. ती बोलायची मराठी. मंडालेच्या सिंहासनाची ही नात गोवऱ्या थापून आणि कागदी फुले करून विकत असे. २००० साली ती गेली. तिची मुलेबाळे रत्नागिरीकरच झाली.

मंडालेचा राजवाडा मार्च १९४५ मध्ये महायुद्धाच्या आगीत जळाला. त्यातला एकच मोठा लाकडी महाल वाचला. मिंडॉनचा मृत्यू झाला तो हा महाल. थिबाने तो आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला उकलून तटाबाहेर नेऊन मठासाठी दिला होता, म्हणून वाचला.

समाधी शिवाजीनगर भागात आहे आणि फार थोडे प्रवासी तिकडे वळतात. वर्षानुवर्षे ती झाडोऱ्यात पडून होती. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा त्याचे वंशज जमले, भिक्खू आले, म्यानमारचे उपराष्ट्रपती आणि सरसेनापती मिन आँग लाइंग आले. याच सरसेनापतीने २०२१ मध्ये त्या देशाची सत्ता बळकावली. देह परत नेण्याची बोलणी अधूनमधून होतात. थिबा अजून रत्नागिरीतच आहे. पॅलेस पाहून झाला की रिक्षावाल्याला थिबा राजाची समाधी म्हणून सांगावे. सगळ्यांना ठाऊक असतेच असे नाही, दोघातिघांना विचारावे लागते.