बाबासाहेबांनी शाळा सोडली नाही

ओझरच्या बौद्ध बंधू-भगिनींनो, गुरुजींनी हिणवले म्हणून मुलाचे दप्तर खुंटीला टांगण्यापूर्वी परमपूज्य बाबासाहेबांचे बालपण आठवा. साताऱ्याच्या शाळेत ते घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. पाणी ओतायला शिपाई नसला, की तहानलेलेच राहत. पुढे त्यांना संस्कृत शिकायचे होते. परंतु अस्पृश्य म्हणून शिक्षकाने नकार दिला. त्यांनी नाइलाजाने फारसी घेतली, पण शाळा सोडली नाही.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर या दुसऱ्या एका शिक्षकाने स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. नाकारलेली संस्कृत भाषा बाबासाहेब पुढे स्वकष्टाने शिकले आणि १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते, यावर ग्रंथ लिहिला. आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात १९३५ साली केलेली धर्मांतराची घोषणा त्यांनी १९५६ साली नागपूरला खरी केली.

म्हणून आईबापांनो, मुलाचा अपमान झाला तर शाळेत जाऊन जाब विचारा. मात्र त्याची शाळा एक दिवसही बुडू देऊ नका. प्रज्ञा ही कोणत्याही जातीची मिरासदारी नाही, हीच धम्माची शिकवण आहे. जयभीम!